खाडीत सोडलेला शर्ट

सर,

आज सकाळी कळव्याच्या कोळीवाड्यात धक्क्यावर बसलेलो असताना जाळ्यातून एक शर्ट वर आला. चिखलाने काळा झालेला, एका बाहीला शेवाळ, पण कॉलर ताठ. जाळं ओढणारा तुमचाच विद्यार्थी. अकरावी ‘ब’मध्ये माझ्या शेजारी बसायचा, ज्याच्या दप्तराला सुक्या बोंबलाचा वास यायचा म्हणून बाकीची मुलं लांब सरकत, तोच. आता त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या आहेत. त्याने तो शर्ट पाण्यात दोनदा खळबळवला, पिळला आणि माझ्यासमोर धरून म्हणाला, “घे कवी, इस्त्री मार आनि घाल.” मी हसलो, पण हात पुढे करून कॉलरची आतली बाजू उलटून पाहिली. तुमच्या शर्टाच्या कॉलरला आतून शिंप्याने निळ्या दोऱ्याचे दोन टाके घातले होते, धोब्याकडे ओळख पटावी म्हणून. ह्यात ते नव्हते. तुम्हाला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली आणि मी अजून तुमचा शर्ट शोधतो आहे, असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. उरलेलं अर्धं सांगण्यासाठी वही उघडली आहे.

तुमचा वर्ग मला अजून दिसतो. कविता शिकवायची असली की तुम्ही पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचा आणि डस्टरने टेबलाच्या कडेवर वृत्ताचा ठेका धरायचा. खडूची भुकटी उडायची, तुमच्या धोतराला लागायची, आणि पांढऱ्यावर पांढरं काही दिसायचं नाही. एकदा समुद्रावरची कविता होती. भरतीला आणखी काय म्हणतात, असं तुम्ही विचारलंत. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. मग तुम्ही ह्या माझ्या शेजाऱ्याला उभं केलंत. तो घाबरत घाबरत म्हणाला, उधाण. आणि पाण्याला जोर नसतो तेव्हा भांग. तुम्ही ते दोन्ही शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेत आणि म्हणालात, “आज मास्तर हा आहे, मी नाही.” त्या दिवसापासून त्याच्या शेजारून कोणी सरकलं नाही. तो नववीत नापास झाला होता, अकरावीतही झाला, पण ते दोन शब्द फळ्यावर लिहिले गेले होते हे तो अजून सांगतो. नातवंडांना सांगतो, होडीवरच्या भय्याला सांगतो. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, तरी सांगतो.

मी पास झालो आणि कल्याणच्या पलीकडच्या गिरणीत लागलो. तिथे मला मिसळ खात्यात टाकलं. म्हणजे एकीकडून कापूस यायचा, एकीकडून पॉलिएस्टरचा पांढराशुभ्र तंतू, आणि दोन्ही एकत्र पिंजून त्यांचा एकच पेळू, म्हणजे सूत कातायची जाड वात, करायचा. दोन भाग पॉलिएस्टर, एक भाग कापूस. यंत्रातून बाहेर पडताना कापूस कोणता आणि दुसरं कोणतं हे डोळ्याला कळता कामा नये, हीच आमची हुशारी. यंत्राच्या धडधडीत मला भुजंगप्रयात ऐकू यायचा आणि मी ओठांतल्या ओठांत म्हणत राहायचो. खात्यातले लोक ओरडायचे, “ओ कवी, पेळू तुटला तिकडे.” ते नाव मला तिथेच पडलं आणि तिथून कोळीवाड्यापर्यंत गेलं.

पहिल्या दिवाळीला मी तुमच्यासाठी आमच्या गिरणीचं शर्टाचं कापड घेऊन कोपरीला तुमच्या खोलीवर आलो. फिकट निळं, अगदी बारीक पांढऱ्या रेघेचं. तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवलेला आहे, एकट्या माणसाचं स्वयंपाकघर, भिंतीवर एकच पळी टांगलेली. मी कापड उलगडून दाखवतो आहे. धुवा आणि दोरीवर टाका सर, इस्त्रीची भानगड नाही. आणि मग मला काय सुचलं कोण जाणे, गिरणीत शिकलेली परीक्षा मी तुम्हाला करून दाखवली. तुमच्या धोतराच्या काठाचा एक धागा काढून स्टोव्हच्या जाळावर धरला. तो कागदासारखा जळला, चिमूटभर राखाडी भुकटी झाली, फुंकर मारली तर गेली. मग माझ्या कापडाचा धागा धरला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. तुम्ही तो मणी बशीत घेतला, नखाने दाबून पाहिला.

“ह्याची राख होत नाही?”

“नाही सर. तोच तर गुण.”

“मग ह्याचं शेवटी होतं काय?”

मी अठरा वर्षांचा होतो. म्हणालो, “शेवट नाहीच सर. विटत नाही, आटत नाही, कसर लागत नाही.”

तुम्ही चहा गाळत होता. गाळता गाळता म्हणालात, “म्हणजे मी तुला सहा वर्षं शिकवलेल्या कवितांतली एकही ह्या कापडाच्या उपयोगाची नाही. त्या सगळ्या कोमेजणाऱ्या वस्तूंवर होत्या.” मला ते लागलं. भेट नाकारली असं वाटलं. पण तुम्ही कापड शिवून घेतलंत आणि शाळेच्या प्रत्येक समारंभाला तो शर्ट घातलात. घामाने तुम्ही डबडबून जायचा आणि मी समोर दिसलो की म्हणायचा, “अरे, ह्यापेक्षा रेनकोट दिला असतास तर निदान पाऊस तरी अडला असता.” घालायचा मात्र तोच.

तुम्ही गेलात तेव्हा गावाहून तुमचा पुतण्या आला. दहाव्याच्या आधी त्याने तुमचे कपडे एका चादरीत बांधले आणि ते बोचकं माझ्या हातात दिलं. “काकांचा तुमच्यावर जीव होता, तुम्हीच सोडा.” गेलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे खाडीत सोडायचे, ही आपली रीत. का, ते कोणी विचारत नाही. मी कळव्याच्या पुलावर गेलो. गाठ सैल बांधलेली होती, पडताना सुटली. तुमची धोतरं पाण्याला टेकली, भिजली, जड झाली आणि गेली. शर्टात मात्र हवा भरली. दोन्ही बाह्या पसरून तो ओहोटीबरोबर बराच लांबपर्यंत जाताना दिसत होता. मी मनात म्हटलं, बघा सर, टिकला की नाही. डोळ्यांत पाणी होतं, तरी म्हटलं.

आता माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं. तुम्ही तिला लग्नात पाहिलंत, त्यानंतर दोन-तीनदाच. गिरणी चालू होती तोवर तिने आमच्याच गिरणीच्या साड्या नेसल्या. गिरणी बंद झाल्यावर मी डोंबिवलीला एका रंगाईच्या कारखान्यात लागलो. तिथे आम्ही रोज सकाळी गेटवर एकमेकांना विचारायचो, आज नाल्याला कुठला रंग? आणि हसायचो. जांभळा असला की कळायचं, मोठी ऑर्डर आली. तिथूनही मी तिला साड्याच आणल्या. पहिली होती ती जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची. तुमची टीका मी एकदा तिला ऐकवली, तर ती मोरीतूनच म्हणाली, “तुमच्या सरांना म्हणावं, त्यांचं धोतर धुवायला धोबी होता. आषाढात एका खोलीत चार माणसांचे सुती कपडे वाळवून दाखवा, मग कोमेजणं बिमेजणं बोला.” हेही तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. तिचं बरोबरच होतं. त्या साड्यांनी तिच्या मनगटांची पिळणी वाचवली, खळ वाचवली, इस्त्री वाचवली. दुपारी तासभर मोकळी झाली ती, आणि त्या तासात माझ्या वहीतल्या कविता वाचायची. मला सांगायची नाही. पान दुमडलेलं असायचं, त्यावरून कळायचं.

मग तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कोळीवाड्यात गेलेलो. माझ्या त्याच बाकावरच्या मित्राची सून माझ्यासाठी एक मोठा शिंगाळा मासा साफ करत होती. पोट चिरलं तर आत धाग्यांचा गुंता. तिने तो सुरीच्या टोकाने बाजूला काढला, जणू रोजचंच आहे. मित्र म्हणाला, “बग रं कवी, तू गिरनीत व्हतास ना? हे काय हाय सांग.” मी तो गुंता धुऊन बोटांत चोळला. बोटांना कळलं, तरी खात्री करायची म्हणून त्याच्या बिडीची काडी मागून घेतली. धागा आक्रसला, वितळला, टोकाला काळा मणी. सर, तुमची बशी आठवली मला.

“हे कुजतं कवा?” त्याने विचारलं.

“वेळ लागतो.”

“मी हाय तवर?”

“नाही.”

“पोरं हायत तवर?”

मी काडी फुंकून विझवली. धक्क्याच्या कडेला त्याने जाळ्यातून काढलेल्या कापडाचा ढीग होता, कमरेएवढा. साड्या, पँटी, देवीच्या ओटीचे चमकणारे ब्लाउजपीस. त्याकडे हात करून म्हणाला, “बाजार चांगला हाय आज. दोन साड्या, येक चादर. मासा? मासा सुट्टीवर हाय.” मग माझं तोंड बघून म्हणाला, “तुला शिव्या कशा घालू? माझं जालं पन नायलॉनचं हाय. बापाचं सुताचं व्हतं, दर वर्साला सडायचं नि आमी दर वर्साला रडायचो.” तो मणी मी कागदात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवला. अजून तिथेच आहे.

मागच्या माघात बायको गेली. सहाव्या दिवशी सुनेने हळूच सांगितलं की डोंबिवलीला एका शेडमध्ये जुने कपडे घेतात, निवडतात, पुन्हा वापरात आणतात. मला ते एकदम पटलं. दोन पिशव्या भरून मीच घेऊन गेलो. शेडमध्ये कपड्यांचे डोंगर आणि त्यांच्या मध्ये मांडी घालून बसलेल्या बायका. माझ्यासमोरची बाई तिशीतली असेल. कपड्याकडे बघतही नव्हती, दोन बोटांत धरायची आणि फेकायची. माझ्या पिशवीतल्या साड्या तिने तशाच हातात घेतल्या. “ही सुती, चालंल. ही नाय. ही पन नाय. ही नाय आजोबा.”

“का नाही? चांगल्या आहेत की. एकही फाटलेली नाही.”

“फाटल्याचं काय नाय ओ. निस्तं सुती असलं तर मशिनी पुसायला जातं. निस्तं पॉलिस्टर असलं तर वितळवायला नेतात, ते पन कधी कधी. हे मिक्स हाय. मिक्स कोन घेत नाय, ते येगळं करता येत नाय.”

“मग त्याचं काय होतं?”

“डम्पिंगला जातं. नायतर कुठं भट्टीत जाळतात.” तिने जांभळी साडी घडी मोडू न देता परत पिशवीत ठेवली, एवढी माया तिने दाखवली. आणि सहज म्हणाली, “ज्यानी बनवलं त्यानी कायतरी इचार केला असंल ना.”

मी तिला सांगितलं नाही. माझी सगळी नोकरी तिथे तिच्या मांडीपाशी पडली होती. जे दोन आम्ही इतक्या हुशारीने एक केले, ते सोडवायची वेळ कधी येईल असं आमच्या खात्यात एकदाही कोणाच्या तोंडून आलं नव्हतं. एकदाच, एका स्वयंपाकघरात, चहा गाळता गाळता कोणीतरी विचारलं होतं.

पिशव्या घेऊन परत आलो तर घरी कल्याणहून मेहुणी आलेली. बायकोची मोठी बहीण, ऐंशीच्या पुढची, पण आवाज खणखणीत. तिला सुनेकडून कळलं होतं. “भाऊजी, तिच्या अंगाचं कापड कुणाच्या गॅरेजात ग्रीस पुसायला द्यायला निघालात? तुम्हाला बघवेल?” मी म्हटलं, सुती तेवढं दिलं, दोनच साड्या होत्या. “द्यायच्या नव्हत्या. आता राहिलेल्या तरी रीतीने जाऊ देत. तिचा जीव अडकेल त्यात.” मुलगा म्हणाला, “मावशी, खाडीत टाकायला बंदी आहे आता, पुलाला जाळी लावलीय.” ती म्हणाली, “जाळीला काय, तुझ्या आजीच्या वेळीही बंदीच होती.” मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर, त्या खोलीत कापड म्हणजे काय हे मला एकट्याला ठाऊक होतं. चष्म्याची डबी माझ्या खिशात होती. ती उघडून मणी मेहुणीच्या हातावर ठेवायचा, माझ्या मित्राच्या जाळ्याची गोष्ट सांगायची, एवढंच करायचं होतं. मी म्हणालो, “तुम्ही म्हणाल तसं.”

दहाव्याच्या आदल्या दिवशी आम्ही रिक्षाने निघालो. मी, मुलगा आणि मांडीवर बोचकं घेऊन मेहुणी. पुलाच्या कठड्याला उंच जाळी आहेच. आम्ही काय घेऊन चाललोय हे रिक्षावाल्याला न सांगता कळलं. “काका, पुढच्या खांबापाशी जाळी फाटलीय. सगळे तिथूनच टाकतात.” त्याने अगदी तिथेच रिक्षा थांबवली आणि स्वतः खाली उतरून हात जोडून उभा राहिला. ज्याला आपण कोण हेही ठाऊक नाही, तो. त्या भोकातून मुलाने बोचकं सोडलं. ह्या वेळी गाठ मेहुणीने घट्ट मारली होती.

ते बुडालं नाही. पाण्यावर आदळलं, एकदा आत गेलं आणि परत वर आलं. मुलगा म्हणाला, “बाबा, बुडत नाहीये.” मेहुणी म्हणाली, “बुडेल, बुडेल.” ओहोटी लागलेली होती. बोचकं कोळीवाड्याच्या दिशेने निघालं. गाठीतून जांभळ्या साडीचा पदर थोडा बाहेर आला होता, ठिपके दिसत नव्हते पण मला ते ठाऊक होते. त्या क्षणी मला नाल्याची आठवण यायला हवी होती, शिंगाळ्याच्या पोटाची, निवडणाऱ्या बाईची. तसं काही झालं नाही. ते तरंगतंय तोवर मी हात जोडले नाहीत, इतकंच मला आठवतं.

तेव्हापासून दर आठवड्याला मी धक्क्यावर जातो. मित्र विचारतो, “हवा खायला येतोस का चिंध्या हुंगायला?” मी म्हणतो हवा. तो जाळं रिकामं करतो, मी प्रत्येक कापडाकडे बघतो. आज तो शर्ट त्याने ढिगावर फेकला आणि जाळं सांधायला बसला. मोठं भोक होतं, माणूस जाईल एवढं. मी विचारलं, हे कशाने?

“त्या परवाच्या उधानाला आख्खं बोचकं येऊन बसलं. वडलं तर जालंच फाटलं. गाठ बग केवडी घट्ट मारलेली, सुटंना.” तो सुई घालत बोलत होता, वर बघत नव्हता. “कुनाच्या घरात मयत झालं असंल, मान्य हाय. पन जालं माझं मेलं ना रं.”

“कुठल्या रंगाचं होतं?”

“रंग कुटचा? चिखल झालेला सगला. आत साड्या व्हत्या.”

“मग काय केलंस त्याचं?”

“काय करनार? सून म्हनाली, जालून टाक. मी म्हटलं जालू नको, कुनाचं तरी असंल. परत सोडलं पान्यात.”

मग तो म्हणाला, सुई जरा धर, डोळे पोचत नाहीत. मी सुई धरली. नायलॉनचा दोर ओवून दिला. तासभर आम्ही ते भोक सांधत बसलो, तो गाठी मारत होता आणि मी दोर ताणून धरत होतो. बोचकं शंभर घरांतल्या कोणाचंही असू शकतं. गाठ कोणाचीही घट्ट असू शकते. पण मी त्याला काही बोललो नाही. अकरावी ‘ब’पासून माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला बोललो नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते माझ्या कवितांच्या वहीतच राहील, ती जिथे पान दुमडायची तिथे. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला आता पाठ आहे. शेवटी काय होतं, तर काही होत नाही सर, ते तिथेच असतं, माशाच्या पोटात, जाळ्यात, कोणाच्या तरी भाकरीच्या आड. हे सगळं कळूनही, ते बोचकं जाळलं नाही, परत पाण्यात सोडलं, असं तो सांधता सांधता पुन्हा म्हणाला तेव्हा माझ्या हातातला दोर सैल पडला. त्याला वाटलं, मी थकलो.

मला बरं वाटलं होतं.